खिळ्यावरचं फडकं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला माणूस नव्हतं, असंही नाही. अकोल्याच्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवते, तिथे दोघी-तिघी जिवाभावाच्या आहेत. पण हे ओठांपर्यंत आलं की मी दुसरंच काहीतरी बोलते — उन्हाचं, परीक्षेच्या पेपरांचं. तुमची माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल.

आणि मराठीत सांगते आहे. माझं सगळं शिक्षण मिशनच्या इंग्रजी शाळेत झालं. असलं काही इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. फार सोपं. पण या सगळ्यातलं सर्वांत वाईट वाक्य मी इंग्रजीतच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. म्हणून ती वाट नको.

गेली सहा वर्षं मी ही गोष्ट मनातल्या मनात एकाच तऱ्हेनं सांगत आले — माझ्या वडिलांनी माझा विश्वासघात केला. हे खोटं नाही. पण मी तिथेच थांबत आले. आज थांबायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

अमरावतीला आमचं घर. वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — वकील, आणि म्युनिसिपल कमिटीचे सभासद. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्यानं, अण्णांच्या थोरल्या विधवा बहिणीनं. मी सतरा वर्षांची असताना ती साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत, अण्णा इन्फ्लुएंझा म्हणत. नाव कोणतंही घ्या — आज दारात उभं राहून बोललेलं माणूस चौथ्या दिवशी नसायचं.

तोंडाला फडकं बांधण्याची सक्ती करावी का, यावर कमिटीत वाद होता. त्यातला बराचसा आमच्या बैठकीतच झाला, आणि मी तो दाराआडून ऐकला. कापसाचे एक अडते म्हणाले, "वकीलसाहेब, तोंड बांधून बाजार कसा चालीन?" त्यावर कोणीतरी म्हणालं, "शेठ, तुमचा भाव तर रुमालाखाली बोटांनी ठरते. तोंड लागतेच कुठी?" सगळे हसले. एक म्हातारे सभासद मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "प्लेगात सरकार माजघरापर्यंत आलं होतं. आता दातांपर्यंत येऊन राहिलं."

मग अण्णा बोलले. "आपला श्वास आपल्या अंगणात थांबत नाही. जो थांबत नाही, त्यावर आपली एकट्याची मालकी कसली?"

मला किती अभिमान वाटला होता. काय सांगू? माझे वडील गावाचा जीव वाचवत होते, असं वाटलं होतं — आणि वाचवत होतेच. नियम झाला. बाजार, दवाखाना, स्टेशन, आणि कामासाठी दुसऱ्याचं घर — कुठेही उघड्या तोंडानं जायचं नाही. जो जाईल त्याचं नाव कमिटीच्या कचेरीबाहेरच्या बोर्डावर लागेल, आणि साथ संपेपर्यंत त्याला कोणी कामावर ठेवायचं नाही. घरकामाचं कलम अण्णांनीच घातलं होतं. मसुद्याची इंग्रजी प्रत मी केली.

आमच्याकडे गंगू कामाला यायची. गावाच्या कडेला राहणारी, कुणब्याच्या घरची. नवरा दुसऱ्यांच्या शेतात राबायचा, कडेवर वर्षाची पोर. धुणं, भांडी, परसातली झाडलोट तिच्याकडे. चार पदरी फडकं कसं शिवायचं हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी ते गंगूला शिकवलं. तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचं शिवलं, तांबड्या काठाची एक पट्टी तशीच राहू दिली. बांधून मला दाखवलं आणि म्हणाली, "हे बरं हाय, ताई. सासू बोलली का आतल्या आत तोंड वाकडं करा, कोणाले दिसत नाही."

मी फारशी हसणारी मुलगी नव्हते. त्या दिवशी हसले.

आत्याला मात्र ते फडकं सहन होत नसे. तिचं सोवळं कडक. तोंडावरचं फडकं म्हणजे थुंकी लागलेलं, म्हणजे उष्टं. गंगू त्याला हात लावणार, सारखं करणार, आणि त्याच हातानं भांडी घासणार. परसदाराच्या चौकटीला एक खिळा होता. आत्याचं म्हणणं, फडकं तिथे अडकवायचं, हात धुवायचे, मग भांड्याला हात. गंगू ऐकत नसे. "कमिटीचा माणूस आला तं? नाव लागीन माहं बोर्डावर." म्हणून आत्या रोज गंगूनं घासलेली भांडी पुन्हा स्वतःच्या हातानं विसळून घ्यायची. बडबड करत, पण घ्यायची. असं दोन आठवडे चाललं. मला ते थोडं गमतीचंच वाटायचं.

अकोल्याला आत्याच्या नणंदेचे यजमान गेले — याच साथीत. तेराव्याला जायलाच हवं, असं आत्यानं धरलं. अण्णा, आत्या आणि मी, तिघे गेलो. परतताना गाडीत आत्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. मूर्तिजापूरच्या पुढे तिला खोकला सुरू झाला. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. हात ठेवला, हे मला सांगायचं आहे. कपाळ तव्यासारखं होतं.

बडनेऱ्याला गाडी बदलायची. फलाटावर दवाखान्याचा कंपाउंडर प्रत्येकाचं तोंड आणि डोळे पाहत होता. ताप दिसला की बाजूच्या मांडवात बसवत होता. आत्याच्या तोंडाला फडकं नव्हतं. परक्या हातांनी शिवलेलं असलं काही ती बांधणार नव्हती. नुसता पदर पुढे ओढला होता. कंपाउंडर तिच्याकडे पाहत राहिला. अण्णा म्हणाले, "माझी बहीण. तेराव्याहून येतोय. शीण झालाय." त्यानं अण्णांना ओळखलं, बाजूला झाला, म्हणाला, "या साहेब." आमच्या मागच्या बाईला त्यानं थांबवलं. ती साधी शिंकली होती.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगू आली. आत्या कशीबशी चुलीपाशी बसली होती. मला म्हणाली, "तिला सांग, फडकं खिळ्याला अडकव म्हणावं. आज माझ्यात पुन्हा भांडी विसळायची ताकद नाही." मी परसात गेले आणि सांगितलं.

गंगूनं आत कान दिला. "आत्याबाई खोकून राहिल्या. बरं नाही का त्याइले?"

मी म्हटलं, "फोडणीचा ठसका आहे. आणि प्रवासाचा शीण."

शीण. अण्णांचाच शब्द. मला दुसरा शोधावासुद्धा लागला नाही.

"तुमी म्हणता तं काढते मंग," ती म्हणाली. फडकं सोडून तिनं खिळ्याला अडकवलं आणि भांड्यांना बसली. तीन दिवस ती तशीच काम करत होती. दुसऱ्या दिवशी आत्या उठेना, तेव्हा तिला उठवून बसवायला, पाठ चोळायला गंगूच पुढे झाली. सोवळं तोवर संपलं होतं. मी काय करत होते? मी दारात उभी होते. माझ्या तोंडाला चार पदरी फडकं होतं.

चौथ्या दिवशी गंगू आली नाही. सहाव्या दिवशी आत्या गेली. पुढच्या आठवड्यात कळलं की गंगू तापातून उठली, पण तिचा नवरा गेला.

आता तो प्रसंग, ज्याला मी विश्वासघात म्हणत आले. सक्तीचा ठराव मांडणाऱ्या सभासदाच्याच घरात साथीनं माणूस गेलं, याची गावात चर्चा होती. अडते आणि ते म्हातारे गप्प बसणारे नव्हते. कमिटीचा कारकून चौकशीला आला — दुखणं घरात कसं शिरलं, याची नोंद करायला. अण्णा शांतपणे म्हणाले, "मोलकरीण उघड्या तोंडानं काम करत होती." कारकून चाचरला. कोणी पाहिलं का, असं त्यानं विचारलं.

अण्णा म्हणाले, "इंदूला विचारा. ती कधी खोटं बोलत नाही."

ते वाक्य त्यांनी वकिलासारखं उच्चारलं. मला ते अजून ऐकू येतं. लहानपणापासून खरं बोलण्याबद्दल त्यांनी मला जी जी शाबासकी दिली होती, ती सगळी त्या क्षणी त्यांनी खर्च केली. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. आणि त्यांना हेही माहीत होतं की मी चारचौघांत त्यांना खोटं पाडणार नाही. परक्या माणसासमोर माझा आवाजच फुटत नाही. सतरा वर्षं ज्या माणसाच्या मागे मी निर्धास्त उभी राहिले, त्यानं मला पुढे केलं — ढालीसारखं.

मी म्हटलं, "घरात तिच्या तोंडाला फडकं नव्हतं."

यातला एकही शब्द खोटा नाही, नाही का?

दुपारी अण्णांनी मजकूर सांगितला आणि मी तो इंग्रजीत उतरवला. त्यांनी "निष्काळजीपणे" म्हटलं होतं. मला इंग्रजीत त्याहून धारदार शब्द सुचला — जाणूनबुजून, नियमाला न जुमानता, असा. मी तो लिहिला. अण्णांनी वाचला आणि म्हणाले, "छान." बोर्डावर गंगूचं नाव लागलं. महिन्याभरानं ती कामं मागत पेठेतून हिंडली. कोणी ठेवलं नाही. आमच्या परसदारीही आली होती. कडी आतून लावलेली होती आणि मी कडीच्या आत होते. मग ऐकलं, ती पोरीला घेऊन अकोल्याला गेली.

इथपर्यंतची गोष्ट मला पाठ आहे. यात मी भित्री आहे, पण फसवली गेलेलीही आहे. अण्णांशी त्यानंतर मी कधी मोकळेपणानं बोलले नाही. नोकरीसाठी अकोला निवडलं, तेही त्यांच्यापासून लांब राहायला, असंच स्वतःला सांगितलं. पण एक गोष्ट मी या गोष्टीत कधी घेतली नाही.

कारकून चौकशीला येणार हे घरात आधीच कळलं होतं; तो यायच्या आदल्या संध्याकाळी मी परसदारी गेले. गंगूचं फडकं खिळ्याला तसंच होतं. हिरवं, तांबड्या काठाचं. ती शेवटच्या दिवशी तापातच घरी गेली, न्यायला विसरली. कारकुनानं ते पाहिलं असतं, तर विचारलं असतं — फडकं होतं, तर मग काढलं का? कोणी काढायला लावलं? आणि याचं उत्तर आत्या नव्हती, अण्णा नव्हते. गंगूनं ऐकलेला आवाज माझा होता.

मी ते फडकं काढलं आणि पाणी तापवायच्या चुलीत घातलं. दवानं ओलसर होतं, पेटायला वेळ लागला. मी तिथे उभी राहून ते पूर्ण जळेपर्यंत पाहिलं. मला हे करायला कोणीही सांगितलं नव्हतं. अण्णांना आजही ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुढे केलं, तेव्हा मी आदल्या संध्याकाळीच तयार होऊन बसलेली होते.

हे सांगितलं. वाटलं होतं, एवढं सांगितलं की संपेल. पण हेही शेवटचं नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाचा हंगाम. आमच्या शाळेच्या रस्त्यावर एक जीन आहे — कापसातून सरकी काढायचा कारखाना. फाटकासमोर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग अडकली होती, म्हणून माझा टांगा थांबला. दुपारच्या सुटीत बाया बाहेर येत होत्या. जिनात काम करणाऱ्या सगळ्याच बाया कापसाची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधतात. बाहेर आल्या की सोडतात, झटकतात, हसतात, पान खातात. एक बाई फडकं न सोडता सरळ टांग्याकडे आली. वरचं कपाळ तेवढं उघडं होतं. त्यावर कुंकू नव्हतं.

"इंदूताई ना? वकीलसाहेबाच्या?"

आवाजावरून ओळखलं. मी मान हलवली.

"तुमी मास्तरीण झाल्या म्हनते. आत्याबाई असत्या तं किती खुश झाल्या असत्या." मग ती टांग्याच्या आणखी जवळ आली. "ताई, एक बोलायचं होतं. तवा दार लागेल होतं, राहून गेलं. आत्याबाईचं माह्याच्यानं झालं. आमच्या वस्तीतलं दुखणं मी तुमच्या घरात आनलं. माह्या मालकालेबी मीच देल्लं."

मी म्हटलं, "गंगू, तू तर—"

"नाही, तुमी म्हनल्या म्हून काढलं मी फडकं, ते मले याद हाय. पन तुमी तं लेकरू होत्या. मले समजाले पाह्यजे होतं. बोर्डावर नाव लागलं ते काही खोटं नोतं." तिनं तोंडावरचं फडकं जरा वर ओढलं. "आता मी हे सोडतच नाही. घरीबी बांधते. पोरीले जवळ घेते तवाबी. म्हनलं, आपलं तोंड आपल्याले मालूम पडलं, आता कोणाच्या जवळ न्यायचं नाही. मले माफ करजा ताई."

साथ संपून सहा वर्षं झाली होती.

बंड्या हलायला अजून वेळ होता. माझ्याकडे भरपूर वेळ होता, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. एक वाक्य पुरलं असतं — आत्या अकोल्याहूनच ताप घेऊन आली होती, गंगू. तो तुझ्यापासून आमच्याकडे नाही, आमच्याकडून तुझ्याकडे आला. मी ते वाक्य तोंडात जुळवलंसुद्धा. मग मला दिसलं की ते ऐकल्यावर ती माझ्याकडे कशी पाहील. टांगेवाला ऐकत होता. दोन-तीन बाया जवळ आल्या होत्या.

मी म्हटलं, "जाऊ दे गंगू. झालं ते झालं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मी तिला माफ केलं. ऐकलंत ना? मी — तिला.

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. डोळे पुसताना तिनं फडक्याचं टोक वापरलं नाही, हाताची पाठ वापरली. फडकं तोंडावरून हलू नये म्हणून. मग बंड्या सरकल्या आणि टांगा निघाला.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत वादविवाद होता — साथीत तोंड झाकण्याची सक्ती असावी की नसावी. सक्तीच्या बाजूच्या मुलींची तयारी माझ्याकडे होती. मी त्यांना अण्णांचं वाक्य दिलं, श्वास अंगणात थांबत नाही ते. मुली जिंकल्या. आणि सक्ती असावी, असंच मला अजूनही वाटतं. नियमात काही खोट नव्हती. त्या नियमातून बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही सुटलो, आणि त्याच नियमात मी तिला अडकवलं, एवढंच.

ते जीन माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. हंगाम अजून चालू आहे. दुपारच्या सुटीत बाया फाटकाबाहेर बसतात, मला वेळ ठाऊक आहे. मी गेलेले नाही. हल्ली मी टांगेवाल्याला दुसऱ्या रस्त्यानं न्यायला सांगते.

गंगूची मुलगी आता सात वर्षांची असेल. आईचं तोंड तिनं कधी जवळून पाहिलं आहे की नाही, मला माहीत नाही.